आत शिरणारी गळती

गळती म्हटलं की आपण खाली बघतो. नळाखाली बादली सरकवतो, पावसाळ्यात छताखाली पातेलं ठेवतो, गाडीखाली पुठ्ठा सारून सकाळी त्यावर डाग पडलाय का ते तपासतो. फोर-स्ट्रोक मोटरसायकलचं क्रँक सील (इंजिनाच्या फिरत्या दांड्याभोवतीची रबरी रिंग) गेलं तर ही सवय बऱ्याचदा उपयोगी पडते. ऑइल झिरपतं, पुठ्ठा काळा होतो, निदान पुरं. टू-स्ट्रोकचं तसं नाही. सील पार गेलेलं असतं आणि गाडीखालची फरशी कोरडीठाक असते. इथे ऑइल बाहेर यायच्या आधी हवा आत शिरते, आणि आत शिरलेल्या हवेचा डाग पडत नाही.

आमच्या यामाहा आरएक्स 100 चं मॅग्नेटच्या (क्रँकवर फिरणाऱ्या, वीज तयार करणाऱ्या चुंबकी चाकाच्या) बाजूचं क्रँक सील मी घरी बदललं. घरी म्हणजे विक्रोळीच्या कन्नमवार नगरात, आमच्या इमारतीच्या जिन्याखाली, तळमजल्यावरून ओढलेल्या वायरीच्या दिव्यात. बदललेली वस्तू मुठीत मावेल एवढी. पण ती बदलण्याआधी तीच बदलायची आहे हे सिद्ध करण्यात जो वेळ गेला, तो या सगळ्या कामातला सर्वांत मोलाचा होता असं मला वाटतं, आणि लिहायचंय ते मुख्यतः त्याबद्दल.

गाडीची ओळख थोडक्यात. आरएक्स 100 भारतात आली 1985 साली आणि बंद झाली 1996 साली. 98 सीसी, 11 हॉर्सपॉवर, वजन शंभर किलोच्या आसपास. आमची शेवटच्या काळातली आहे, एमएच-03 पासिंगची. दादाने कॉलेजात असताना ती सेकंड हँड घेतली आणि पुण्याला नोकरी लागली तेव्हा चावी माझ्या हातात ठेवली. वडाळ्याच्या आरटीओत तिची पुनर्नोंदणी झाली आहे, कागद चोख आहेत. मी ती रोज नाही, पण मनापासून चालवते.

यंदा पावसाळाभर ती ताडपत्रीखाली उभी होती. आमच्याकडून खाडी जवळ आहे. कांदळवनावरून येणारा वारा खारा, आणि त्या वाऱ्यात उभी राहिलेली कोणतीही लोखंडी वस्तू आतून गंजते. नवरात्रात गाडी बाहेर काढली तेव्हा पहिल्या-दुसऱ्या किकला सुरू झाली. थंड असताना सगळं ठीक. इंजिन तापलं की मात्र तिचं वागणं बदलायचं. घाटकोपरच्या सिग्नलला थ्रॉटल पूर्ण सोडलं तरी इंजिन रेस धरून ठेवायचं, खाली यायला आळस करायचं, आणि आलं तरी नेहमीच्या स्लोपेक्षा (थ्रॉटल सोडल्यावरच्या किमान चालीपेक्षा) वरच थांबायचं. पूर्व द्रुतगती मार्गावर सरळ वेगात असताना आवाजात एक कोरडेपणा जाणवायचा. मागे धूर जास्त नाही. खाली थेंब नाही.

नाक्यावरच्या एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून स्लो कमी करून दिला. म्हणजे तापल्यावर ठीक, पण सकाळी थंड इंजिन उभंच राहीना. मग केबल झाली, मग कार्ब सफाई झाली, आणि शेवटी निकाल आला, ‘फुल इंजिन करून टाका.’ फुल इंजिन म्हणजे इंजिन उतरवून, क्रँककेसचे (क्रँकभोवतीच्या कवचाचे) दोन्ही भाग उघडून, क्रँक बाहेर काढून सगळं नव्याने. कधी कधी ते लागतंच, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार एवढीच की कोणीही काही मोजलं नव्हतं. ऐकलं, स्क्रू फिरवला, आणि अंदाज हजारांत सांगितला.

आमच्या खालच्या मजल्यावर एक काका राहतात. आयुष्यभर गोदरेजमध्ये फिटर होते, आता निवृत्त. त्यांच्या घरात दाराजवळ एक हिरवी लोखंडी पेटी आहे, आणि त्या पेटीतला प्रत्येक पाना तेलाचा हात फिरवून ठेवलेला असतो. त्यांनी गाडी सुरू करायला लावली, तापू दिली, कान दिला आणि विचारलं, “हवा घेतेय. कुठून घेतेय?”

मी म्हटलं, “काका, बहुतेक मॅग्नेट साइडचं सील.”

“बहुतेक नको. आधी दाखव मला, मग पाना लाव.”

टू-स्ट्रोक इंजिनाचा क्रँककेस हा नुसता डबा नसतो. फोर-स्ट्रोकमध्ये तिथे ऑइल साठतं आणि क्रँक फिरतो, एवढंच. टू-स्ट्रोकमध्ये तो लोहाराचा भाता असतो. पिस्टन वर गेला की त्याच्याखाली ओढ तयार होते आणि कार्बोरेटरमधून हवा-पेट्रोलचं मिश्रण रीड व्हॉल्व्हच्या पाकळ्या उघडून आत येतं. पिस्टन खाली आला की तेच मिश्रण दाबलं जाऊन बाजूच्या वाटांनी वर, पिस्टनच्या डोक्यावर ढकललं जातं. भात्याला भोक पडलं तर आगीपर्यंत वारा पोचत नाही. इथे त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट घडते: ओढीच्या वेळी त्या भोकातून जास्तीची हवा आत येते. कार्बोरेटरने मोजून दिलेल्या पेट्रोलला मोजणीबाहेरची हवा मिळते. मिश्रण पातळ होतं, इंजिन जास्त तापतं, रेस धरून ठेवतं. आणि टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलच्या जोडीनेच टू-टी ऑइल, म्हणजे इंजिनाचं वंगण, आत जातं, त्यामुळे पेट्रोल कमी पडलं की वंगणाचाही आधार जातो. अशीच दामटत राहिलात तर एक दिवस चालत्या गाडीत पिस्टन ब्लॉकला, म्हणजे सिलिंडरला, पकडतो आणि मागचं चाक जागच्या जागी अडतं. द्रुतगती मार्गावर हे होणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

क्रँकची दोन टोकं या केसमधून बाहेर येतात. डावीकडे मॅग्नेट, उजवीकडे क्लच. फिरता दांडा आणि स्थिर केस यांच्यामधल्या फटीत दोन्ही बाजूंना एकेक ऑइल सील. उजवं सील गेलं तर ओढीबरोबर गिअरबॉक्सचं ऑइल आत येतं, मागे पांढरट धुराचा लोट, गिअर ऑइल कमी, प्लग ओला. डावं सील गेलं तर पलीकडे कोरडी जागा आहे, त्यामुळे नुसती हवा. आमच्या गाडीची सगळी लक्षणं डावीकडे बोट दाखवत होती. पण रबराचा कार्बोरेटर जॉइंट तडकला असेल, ब्लॉकखालचं पॅकिंग फुटलं असेल, तरीही हीच लक्षणं दिसतात. म्हणून काकांचं ‘बहुतेक नको’ बरोबर होतं.

चालू इंजिनावर संशयाच्या जागी क्लीनरचा फवारा मारायचा आणि आवाज बदलतो का ते ऐकायचं, अशी एक पद्धत पुष्कळ जण वापरतात. मला ती मान्य नाही. फवारा पेट घेणारा, शेजारी तापलेला सायलेन्सर, मॅग्नेटखाली ठिणगी पाडणारे पॉइंट, आणि हे सगळं लाकडी मीटर-बोर्ड असलेल्या जिन्याखाली. दुसरी पद्धत सावकाश आणि खात्रीची आहे: इंजिनाची सगळी तोंडं बंद करायची, आत थोडा दाब भरायचा आणि तो टिकतो का ते बघायचं.

दाब फार नको. पाच-सहा पीएसआय (टायरची हवा मोजतात ते माप) पुरे. जास्त दिला तर चांगलं सीलही उलटून बसेल, म्हणून सायकलचा पंप नकोच. आईचं जुनं बीपीचं मशीन कपाटात पडून होतं. घड्याळासारखी गोल तबकडी, रबरी फुगा आणि नळी. डिजिटल मशीन आल्यापासून त्याला कोणी हात लावला नव्हता. त्या तबकडीवर 300 पर्यंत आकडे असतात, पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये. 250 म्हणजे जवळजवळ 5 पीएसआय. हवा तोच दाब, आणि फुग्याने हळूहळू भरता येणारा. (असं एकदा वापरलेलं मशीन पुन्हा माणसाच्या दंडाला लावायचं नाही. पेट्रोलची वाफ लागली की रबर आणि मोजमाप, दोन्हींचा भरवसा संपतो.)

कार्बोरेटर काढून त्याच्या जॉइंटमध्ये रबरी बूच घट्ट बसवलं. सायलेन्सर उतरवून त्या तोंडावर ट्यूबच्या रबराचा तुकडा आणि पत्र्याची पट्टी आवळली. एका जुन्या स्पार्क प्लगचं चिनीमातीचं अंग फोडून काढलं, उरलेल्या लोखंडी कवचात नळीचं टोक एपॉक्सीने पक्कं केलं, आणि ते कवच प्लगच्या जागी बसवलं. पिस्टन अगदी खाली आणून ठेवायचा. म्हणजे बाजूच्या वाटा उघड्या राहतात आणि प्लगच्या भोकातून भरलेली हवा क्रँककेसपर्यंत पोचते. बॅटरीची वायर काढलेली. काकूंना सांगून ठेवलेलं की काम उरकेपर्यंत तळमजल्यावर उदबत्ती नको.

फुगा दाबत गेले. काटा 250 वर आला. हात थांबवला. काटा तिथे क्षणभरही थांबला नाही. दिसेल अशा चालीने खाली आला, 200, 150, पुढे शंभराच्याही खाली, आणि त्या शांत जिन्याखाली इंजिनाच्या डाव्या अंगातून बारीक सुस्कारा ऐकू आला.

मग भांडी घासायच्या साबणाचं दाट पाणी आणि जुना ब्रश. हेडच्या कडेला फासलं, बुडबुडा नाही. ब्लॉकच्या बुडाशी, नाही. कार्ब जॉइंटच्या सांध्यावर, नाही. डावं कव्हर उतरवलेलं होतंच. मॅग्नेटला पॉइंट जुळवण्यासाठी खिडक्या असतात, त्यातून ब्रश आत घातला. आतून फेस उसळून खिडकीबाहेर आला. राहिली उजवी बाजू. तिथे क्रँकच्या टोकापर्यंत ब्रश पोचत नाही, म्हणून काकांनी गिअर ऑइल भरायचं बूच काढायला लावलं आणि त्या तोंडावर साबणाचा पडदा धरायला सांगितला. उजवं सील हवा सोडत असेल तर ती गिअरबॉक्समध्ये येऊन तो पडदा फुगवेल. पडदा फुगला, पण इतका सावकाश की आम्ही दोघं वाकून बघत राहिलो तेव्हा कळलं.

“डावं गेलंय. उजवं थकलंय,” काका म्हणाले. “आता लाव पाना.”

या शहराकडे अशी माणसं पुष्कळ होती आणि अजून आहेत. गिरण्यांत, बेस्टच्या वर्कशॉपमध्ये, रेल्वेच्या परळ-माटुंग्याच्या कारखान्यांत ज्यांचे हात तयार झाले ती. आधी मोजायचं, मग उघडायचं ही त्यांची शिस्त. निवृत्तीनंतर ती इमारतींच्या तळमजल्यांवर बसलेली असतात आणि त्यांना कोणी काही विचारत नाही. आयटीआयची मुलं आता नव्या गाड्यांना लॅपटॉप जोडतात, तेही शिकायलाच हवं. पण मोजायची ही शिस्त त्यांना काकांसारख्यांकडून मिळाली नाही तर पुढे कुठून मिळणार, हा प्रश्न मला मनापासून सतावतो.

मॅग्नेट काढणं हे या कामातलं सर्वांत जोखमीचं. जपानी गाड्यांच्या फुलीच्या स्क्रूंचा आकार आपल्या साध्या फिलिप्स पेचकसाशी तंतोतंत जुळत नाही. टोक घसरतं आणि फुली गोल होते. त्यात खाऱ्या हवेने ॲल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना धरून बसलेले. म्हणून कव्हरच्या वेळी नीट मापाचं टोक आणि हातोडीच्या ठोक्यावर फिरणारा इम्पॅक्ट पेचकस वापरला. मॅग्नेटचा नट सोडवताना क्रँक फिरू नये म्हणून काही जण प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये दोरी कोंबतात. फोर-स्ट्रोकमध्ये ते चालतं. टू-स्ट्रोकच्या ब्लॉकला भिंतीत पोर्ट असतात, दोरी त्यात शिरली आणि पिस्टनने चावली की नवं दुखणं. मॅग्नेट बाहेरून धरायचा पट्टा मिळतो, तो वापरावा.

नट निघाला तरी मॅग्नेट निघत नाही. तो क्रँकच्या निमुळत्या टोकावर घट्ट बसलेला असतो. त्यासाठी त्याच गाडीचा पुलर हवा, त्याला पर्याय नाही. मॅग्नेटच्या कडेवर हातोडी मारली तर आतले चुंबक तडकतात. मागून पेचकस घालून उचकटलं तर केस दुखावते. पुलरचे आटे हाताने पूर्ण बसवायचे, मधला बोल्ट आवळायचा, थांबायचं, बोल्टच्या डोक्यावर एक सरळ टोला द्यायचा, पुन्हा जरासा आवळायचा. काका शेजारी उभे होते, पण त्यांनी हात लावला नाही. एका टोल्यासरशी ‘टक्क’ असा मोकळा आवाज झाला आणि मॅग्नेट हातात आला. क्रँकच्या खाचेतली अर्धचंद्राच्या आकाराची चावी आधी काढून काडेपेटीत ठेवली. ती हरवली तर पुढचं सगळं अडतं.

आत काय होतं ते सांगते. पॉइंटच्या प्लेटखाली, सीलच्या भोवती, तपकिरी चिकट थर. ऑइल आणि पेट्रोलचा वास. दाबाच्या वेळी मिश्रण बाहेर फवारलं जात होतं आणि त्यावर धूळ बसत होती. थराचा आकार पंख्यासारखा पसरलेला, आणि सगळी पाती सीलच्या खालच्या भागातून निघालेली. म्हणजे बाहेरही येत होतं. फक्त ते फरशीपर्यंत पोचत नव्हतं.

प्लेट काढण्याआधी ती आणि केस यांच्यावरून एकच बारीक रेघ सुईने ओढून घ्यायची. प्लेट फिरते तसं इग्निशनचं टायमिंग फिरतं. परत बसवताना रेघेला रेघ जुळली की काम झालं. आणि सील उपटायच्या आधी आणखी एक तपासणी, जी मी कोणालाही टाळू देणार नाही: क्रँकचं टोक दोन बोटांत धरून वर-खाली हलवून बघायचं. जराही खडखड जाणवली तर मुख्य बेअरिंग गेलंय, आणि बेअरिंग गेलेलं असताना नवं सील घालणं फुकट आहे. दांडा डगमगतो आणि सीलची कड आठवड्याभरात खाऊन टाकतो. तसं असेल तर ‘फुल इंजिन’ हेच खरं उत्तर. आमचं टोक ठाम होतं.

सील काढायला काकांनी एका जुन्या पेचकसाचं टोक वाकवून, कानशीने गोल करून, वरून पॉलिश पेपर मारून आकडा बनवला होता. सीलमध्ये ड्रिलने भोक पाडून स्क्रूने ओढायची पद्धत आहे, पण ड्रिलचा कीस बेअरिंगमध्ये गेला तर काढणार कसा? आकडा कडेखाली सरकवला, दांड्याला न टेकवता, आणि चारी बाजूंनी थोडं थोडं उचललं.

निघालेलं सील मी दिव्याखाली धरलं. बाहेरून साधी काळी रबरी रिंग. आतल्या काठाला दोन कडा असतात: बाहेरची धूळ अडवायला, आतली हवा-ऑइल अडवायला. आतल्या कडेमागे केसाएवढ्या तारेची गोल स्प्रिंग बसलेली, तिने कड दांड्यावर दाबून ठेवायची. ती कड नवी असते तेव्हा सुरीच्या धारेसारखी बारीक असते. इथे ती सपाट होऊन चकाकत होती, आणि खालच्या बाजूला, जिथे पावसाळाभर दांडा स्थिर उभा राहिला होता, तिथे रबर कडक होऊन बारीक चिरा पडल्या होत्या. दांड्यावर त्याच जागी गंजाची पुसट रेघ. कड तिथे महिनोन् महिने चिकटून राहिली, तिच्याखाली दमट हवा, आणि पहिल्या किकला त्या गंजाने कड खरवडली. पावसाळ्यात गाडी चालवायची नसली तरी दर आठवड्याला किकने क्रँक थोडा फिरवून ठेवायला हवा, हे ती रेघ बघून डोक्यात पक्कं बसलं.

या एवढ्याशा कडेवर काय काय गुदरतं, त्याचा हिशोब मांडून बघा. 7500 आरपीएमला क्रँक सेकंदाला 125 वेळा फिरतो. म्हणजे सेकंदाला 125 वेळा ओढ आणि 125 वेळा दाब. दांड्याचा व्यास 20 मिलिमीटर धरला तरी त्याचा पृष्ठभाग कडेखालून सेकंदाला जवळपास 8 मीटर वेगाने धावतो. हे सगळं ऑइलच्या एका पातळ पापुद्र्यावर. पूर्वी अशी सील चामड्याची असत. रबरी सीलच्या इतिहासात ज्या जर्मन कंपनीचं नाव पहिल्यांदा घेतात ती फ्रॉयडेनबर्ग मुळात चामडं कमावणारी कंपनी. 1930 च्या दशकात ती चामड्याच्या सीलकडून कृत्रिम रबराकडे वळली. चामड्याच्या धंद्यातल्या माणसांना कड आणि तेल यांचं नातं आधीच माहीत असणार, असं मला उगाच वाटतं.

सील आणायला नागदेवीला गेले. मशीद स्टेशनला उतरायचं, पश्चिमेला हातगाड्यांमधून वाट काढायची, आणि नागदेवी स्ट्रीटवर बेअरिंग, बेल्ट, सील, पाने यांच्या दुकानांच्या रांगा. तिथे गाडीचं नाव सांगून फारसा उपयोग नाही. “साइज बोलो,” एवढंच विचारतात. सीलच्या तोंडावर तीन आकडे छापलेले असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. पुढे अक्षरं. टीसी म्हणजे स्प्रिंगची कड आणि धुळीची कड, दोन्ही असलेलं. एससी म्हणजे एकच कड. मी जुनं सील काउंटरवर ठेवलं. दुकानदाराने आकड्यांवर विश्वास न ठेवता व्हर्नियरने मोजलं, तेव्हा माणूस जाणकार आहे हे कळलं.

“नायट्राइल देऊ की व्हायटन?” त्याने विचारलं. हा प्रश्न आज महत्त्वाचा आहे. जुनी सील नायट्राइल रबराची. चांगलंच रबर, ऑइलला आणि साध्या पेट्रोलला टिकणारं. पण आता पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतला ओलावा धरतं आणि जुन्या रबराला फुगवतं. शिवाय त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असल्यामुळे जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत मिश्रण मुळातच थोडं पातळ होतं. अशा गाडीत हवेची गळती आणखी महाग पडते. व्हायटन उष्णता आणि इथेनॉल, दोन्हींना जास्त टिकतं; किंमतही बरीच जास्त. मी व्हायटन घेतलं, दोन्ही बाजूंची घेतली.

बसवणं हे मला सर्वांत आवडलेलं काम. आधी दांड्यावरची गंजाची रेघ झिजलेल्या बारीक पॉलिश पेपरने, ऑइल लावून, दांड्याभोवती गोल फिरवत पुसली. लांबीच्या दिशेने एकही ओरखडा नको, कारण त्याच वाटेने हवा जाते. नख आडवं फिरवलं, अडकलं नाही. अडकलं असतं तर नवं सील केसाएवढं मागे-पुढे बसवून कड ताज्या जागेवर घेता येते, मात्र बेअरिंगला वंगण पोचवणारं छोटं भोक सीलखाली झाकलं जाता कामा नये. चावीची खाच धारदार असते, तिच्यावरून सरकताना कड फाटू शकते. म्हणून दुधाच्या पिशवीचा पातळ तुकडा दांड्याभोवती गुंडाळला, त्याला टू-टी ऑइल लावलं, सीलच्या कडेलाही लावलं, आणि स्प्रिंगची बाजू आत, क्रँककेसकडे, ठेवून सील सरकवलं. पिशवी ओढून काढली. मग सीलच्या बाहेरच्या व्यासाएवढा प्लंबिंगच्या पाइपचा तुकडा, दोन्ही टोकं सपाट घासलेला, सीलवर टेकवून तळव्याने दाब दिला. हातोडी नाही. थोडं दाबायचं, बोट फिरवून सगळीकडे सारखं बसतंय ना ते बघायचं, पुन्हा दाबायचं. शेवटी सीलचं तोंड केसच्या काठाशी एका पातळीत आलं आणि बोटाला सांधा जाणवेनासा झाला.

काकांनी वाकून बोट फिरवलं आणि काही न बोलता पेटी बंद केली.

निमुळतं टोक पेट्रोलने पुसून कोरडं केलं, चावी बसवली, रेघेला रेघ जुळवून प्लेट, मग मॅग्नेट, मग नट. पुन्हा बीपीचं मशीन. काटा 250 वर नेला आणि सोडला. या वेळी तो थांबला. अगदी खिळल्यासारखा नाही. मिनिटभराने सुईच्या जाडीएवढा सरकला होता. ती उजवी बाजू. साबणाच्या पाण्याला मॅग्नेटकडे एकही बुडबुडा नाही.

स्लोचा स्क्रू पूर्वीच्या जागी आणावा लागला, कारण तो गळती लपवण्यासाठी फिरवलेला होता. संध्याकाळी भांडुपपर्यंत जाऊन आले. तापलेल्या इंजिनावर सिग्नलला थ्रॉटल सोडलं की रेस सरळ खाली येत होती आणि ठरल्या जागी थांबत होती. घरी येऊन प्लग काढला. आधी पातळ मिश्रणाने पांढरा पडलेला असायचा, आता टोकाला बिस्किटी रंग धरत होता.

उजवं सील अजून जुनंच आहे. तिथे पोचायला क्लच कव्हर, क्लच आणि प्रायमरी गिअर उतरवावे लागतात, आणि ते जिन्याखाली एका संध्याकाळीत उरकण्यासारखं नाही. तोवर गिअर ऑइलची पातळी दर रविवारी बघते आणि धुराकडे लक्ष ठेवते. पातळी उतरायला लागली तर वाट बघणार नाही. नाहीतर दिवाळीनंतर, दादा चार दिवस घरी येईल तेव्हा. काकांनी पॅकिंग पेपर आणून ठेवायला सांगितलाय, कव्हर उघडल्यावर बाजारात धावायला नको म्हणून.